होतकरू फलंदाज आणि वरिष्ठ क्रिकेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय स्पर्धा संपल्या आणि वयोगटांच्या निवड चाचण्या जवळ आल्या की पालक आणि मुले क्लबच्या तंबूत येऊन दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतेक मुंबईची आहेत, कारण शाळेच्या मैदानापासून रणजी संघापर्यंतची वाट मी जवळून पाहिली ती तिथलीच.

शालेय स्पर्धेत तीनशे-चारशे धावा करणारा मुलगा पुढे वरिष्ठ संघात हमखास खेळतो का?

नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली, हे सर्वांना पाठ आहे. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, आणि पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला अमोल मुझुमदार. शाळा एक, मैदान एक, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखालची शिस्तही एकच. तरीही तिघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या ते पाहावे. सचिनने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात नाबाद शतक केले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कराचीत कसोटी खेळला. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा काढल्या; त्याची कसोटी सरासरी ५४.२० राहिली, पण १७ कसोटींनंतर, तेवीस वर्षांचा असतानाच, तो कसोटी संघाबाहेर गेला तो परत आला नाही. मुझुमदारने रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

अलीकडची उदाहरणेही हेच सांगतात. सर्फराज खानने २००९ मध्ये, बाराव्या वर्षी, हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या आणि त्याला कसोटीची टोपी मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये ५४६ केल्या आणि पाच वर्षांच्या आत कसोटी पदार्पणात शतक ठोकले. कल्याणच्या एका शाळकरी मुलाने जानेवारी २०१६ मध्ये नाबाद १००९ धावा केल्या तेव्हा त्याचे नाव जगभर गेले. त्यानंतर मात्र त्याची प्रत्येक साधी खेळी लोक त्या हजाराशी ताडून पाहू लागले, आणि हे ओझे कोणत्याही कोवळ्या खांद्यावर पडू नये असे मला मनापासून वाटते.

मग शालेय धावांना काहीच अर्थ नाही का?

अर्थ आहे, पण तो वेगळा आहे. मोठ्या खेळीतून मुलाची भूक दिसते, दमल्यावरही डोके शांत ठेवण्याची ताकद दिसते. त्यातून तंत्र कळतेच असे नाही, कारण शालेय सामन्यांत एका बाजूला चांगला गोलंदाज असला तरी दुसऱ्या बाजूने बहुधा कच्चे पोर टाकत असते. निवड समितीतील जाणकार माणूस स्कोअरबुकात एकूण धावांपेक्षा पहिल्या तीस धावा कोणाविरुद्ध झाल्या ते आधी पाहतो.

वयोगटाच्या आणि वरिष्ठांच्या क्रिकेटमध्ये नेमका फरक कोठे पडतो?

बहुतेक पालकांना वाटते की फरक वेगाचा आहे. तो आहेच. साधे गणित केले तर गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू ताशी ११५ किलोमीटर वेगाने फलंदाजापर्यंत यायला सुमारे ०.५५ सेकंद लागतात आणि ताशी १४० किलोमीटरने सुमारे ०.४५. सेकंदाच्या या दहाव्या भागात पाऊल अर्धवट पडते की पूर्ण पडते याचा निकाल लागतो. तरीही चांगली नजर असलेली मुले वेगाला दोन-चार महिन्यांत सरावतात. त्यांना खरा नवा असतो तो गोलंदाजाचा धीर.

एका जून महिन्यातली संध्याकाळ सांगतो. शालेय हंगाम गाजवून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा आमच्या नेटमध्ये फलंदाजीला उभा होता. समोर बँकेत नोकरी करणारा, चाळिशीला आलेला मध्यमगती गोलंदाज होता. कचेरीतून थेट आलेला, पँटचे पाय दुमडलेले, हातात रंग उडालेला जुना चेंडू. त्याने पहिले सहा चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर, जवळजवळ एकाच टप्प्यावर टाकले. चेंडू हलकेच बाहेर जात होते. मुलाने दोन सोडले, दोन अडवले आणि दोन कव्हरमधून असे मारले की जाळीबाहेर उभे असलेले त्याचे वडील पुढे सरसावले. सातव्या चेंडूला गोलंदाज क्रीजच्या टोकावरून आला, तोच टप्पा, पण चेंडू आत आला. मुलाचा पाय आधीच कव्हरच्या दिशेने निघाला होता. बॅट आणि पॅड यांच्यातून चेंडू गेला आणि मधली यष्टी मागे कलली. चेंडू उचलताना तो गोलंदाज इतकेच म्हणाला, "बाळा, दुसरा ड्राइव्ह मी तुला मारू दिला होता."

मुलाचा चेहरा मला आजही आठवतो. चांगल्या फटक्याचाही सापळा होऊ शकतो, हे त्याला त्या दिवसापर्यंत कोणी दाखवले नव्हते. वयोगटात गोलंदाज आपल्या चेंडूचा विचार करतो, वरिष्ठांत तो तुमच्या पुढच्या फटक्याचा विचार करतो. त्याशिवाय क्षेत्ररक्षक चौकार अडवतात, झेल सुटत नाहीत, आणि शाळेत तीन जीवदाने मिळून झालेली खेळी इथे पहिल्याच चुकीला संपते.

सोळा ते तेवीस या वयात कोणत्या स्पर्धांतून जावे लागते?

मुलांसाठी १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील चार दिवसांचा कूचबिहार करंडक आणि एकदिवसीय विनू मांकड करंडक, त्यानंतर २३ वर्षांखालील कर्नल सी. के. नायडू करंडक, आणि मग रणजी, विजय हजारे व सय्यद मुश्ताक अली या वरिष्ठ स्पर्धा. १९ आणि २३ यांमधला टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. वर्तमानपत्रांत त्याची दोन ओळींची बातमी येते, प्रेक्षक नसतात, आणि नेमके तिथेच पुष्कळ चांगले फलंदाज मनाने गळतात.

१९ वर्षांखालील विश्वचषकात चमकला म्हणजे भारतीय संघ जवळ आला असे समजावे का?

ते एक दार आहे, पण त्यातून आत गेल्यावर किती चालावे लागेल हे कोणी सांगू शकत नाही. शिखर धवनने २००४ च्या स्पर्धेत ५०५ धावा करून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याचे कसोटी पदार्पण झाले मार्च २०१३ मध्ये, आणि मोहालीत त्याने १८७ धावा केल्या. मधली नऊ वर्षे तो रणजी खेळत होता. चेतेश्वर पुजाराने २००६ मध्ये हाच मान मिळवला आणि २०१० मध्ये तो कसोटी खेळला. उन्मुक्त चंदने २०१२ च्या अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून नाबाद १११ धावा करून चषक जिंकून दिला, पण भारताच्या वरिष्ठ संघात त्याला कधीच जागा मिळाली नाही आणि २०२१ मध्ये भारतातील क्रिकेट सोडून तो अमेरिकेला गेला. अजिंक्य रहाणेसारखा डोंबिवलीचा मुलगा मात्र रणजीत हंगामामागून हंगाम धावांच्या राशी घालून, २००८-०९ मध्ये तर हजाराहून अधिक धावा करून, २०१३ मध्ये कसोटी संघात आला.

२०१६ च्या स्पर्धेनंतर एका खेळाडूने हा विश्वचषक एकदाच खेळावा असा दंडक भारतीय मंडळाने घातला. माझ्या मते हा निर्णय फार शहाणपणाचा होता, कारण एकोणिसाव्या वर्षी पुन्हा समवयस्कांत खेळण्यापेक्षा मोठ्यांत खेळून बाद होणे मुलाला जास्त शिकवते.

पहिल्या वरिष्ठ हंगामात धावा होतात आणि दुसऱ्यात आटतात, असे का?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या हंगामात फलंदाज नवखा असतो, त्याच्याविषयी समोरच्या संघाकडे माहिती नसते. दुसरा हंगाम सुरू होईपर्यंत त्याच्या खेळ्यांच्या चित्रफिती प्रत्येक संघाच्या संगणकावर असतात. त्याचा पहिला पाय कोठे पडतो, आखूड चेंडूला मान वळते का, डावखुरा फिरकी गोलंदाज आला की तो पुढे सरसावतो का, हे सारे मांडलेले असते. फलंदाज वाईट झालेला नसतो, तो वाचला गेलेला असतो. वरिष्ठ क्रिकेटमधील प्रगती म्हणजे वाचले गेल्यानंतर स्वतःला नव्याने लिहिता येणे, आणि हे पदार्पणातल्या शतकावरून मुळीच ओळखता येत नाही.

पृथ्वी शॉचे उदाहरण मी आदराने देतो, कारण इतकी सहज फलंदाजी फार थोड्यांना लाभते. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला मात्र दोन्ही डावांत आत येणारा चेंडू बॅट आणि पॅडमधल्या फटीतून गेला आणि तो ० व ४ धावांवर त्रिफळाचीत झाला. ती फट त्या दिवशी पडली नव्हती. हात झपाट्याने चालत असल्याने पाय न हलवताही त्याचे भागत आले होते, आणि भागत आहे तोवर कोणाला ती बुजवावीशी वाटली नाही. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये त्याने रणजीत आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या, २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो वगळला गेला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळू लागला. पंचवीस-सव्वीस हे फलंदाजाच्या आयुष्यात उशिराचे वय नव्हे, म्हणून त्याची गोष्ट संपली असे मी म्हणणार नाही.

चांगल्या बाजूचे उदाहरण जेमिमा रॉड्रिग्जचे आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईल.

मुलाचे तंत्र बदलावे का आणि केव्हा?

धावा होत नाहीत म्हणून बदलू नये. एकाच प्रकारे बाद होण्याची पुनरावृत्ती दिसली तर बदलावे, तेही हंगाम संपल्यावर. चालू हंगामात पकड किंवा उभे राहण्याची पद्धत बदललेला मुलगा क्रीजवर चेंडूऐवजी स्वतःच्या हातांकडे लक्ष देऊ लागतो. प्रशिक्षकाने एका वेळी एकच गोष्ट सांगावी. शाळेचे सर, क्लबचे सर, खासगी अकादमी आणि मोबाइलवरील चित्रफिती अशा चार ठिकाणांहून चार सूचना आल्या की मुलाचे काय होते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

कांगा लीग आणि क्लब क्रिकेटचा आता उपयोग काय?

पुष्कळ आहे, आणि त्यांची किंमत कमी लेखली जाते याचे मला दुःख होते. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, गवत घोट्यापर्यंत, सीमारेषेकडे निघालेला चेंडू वाटेत चिखलात थांबतो. एक चेंडू गुडघ्याला लागतो, त्याच टप्प्यावरचा दुसरा हनुवटीशी येतो. अशा ठिकाणी पंचवीस धावा करणाऱ्या मुलाने उशिरा खेळणे, हात सैल ठेवणे आणि चेंडू सोडणे शिकलेले असते. टाइम्स शील्डसारख्या कचेऱ्यांच्या स्पर्धांत कसोटीपटू आणि नवखी मुले एकाच संघात खेळत, आणि अशा सहवासात अनुभवी फलंदाजाबरोबर दोन तास दुसऱ्या टोकाला उभे राहणे हीच शिकवणी असे. मॅट टाकलेल्या सिमेंटवर किंवा यंत्राने फेकलेल्या चेंडूवर रोज पाचशे फटके मारून हे येत नाही. यंत्र कधी धीर धरत नाही आणि सापळाही लावत नाही.

शरीराची वाढ लवकर झालेल्या मुलांचे पुढे काय होते?

तेराव्या-चौदाव्या वर्षी उंच आणि दणकट झालेला मुलगा ताकदीवर धावा करतो आणि सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्याइतके झाले की गोंधळतो. चणीने लहान असलेला मुलगा याच काळात टप्पा ओळखायला आणि जागा शोधायला शिकलेला असतो, म्हणून उशिरा वाढणाऱ्याला संघातून काढण्याची घाई करू नये. १६ वर्षांखालील गटात वयाची खात्री करण्यासाठी डाव्या मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र पाहिले जाते. खोट्या वयाच्या दाखल्याने मिळालेली दोन वर्षे मुलाच्या काहीच कामी येत नाहीत; ज्या वयात त्याने मोठ्यांविरुद्ध धडपडायला हवे त्या वयात तो लहानांना झोडपत राहतो.

मुलींच्या बाबतीतही हेच लागू होते का?

बरेचसे होते, पण त्यांची वाट अधिक चढाची आहे. मुलींना वयोगटाचे सामने कमी मिळतात, त्यामुळे त्यांना फार लवकर मोठ्यांत उतरावे लागते. सांगलीच्या स्मृती मानधनाची नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात निवड झाली. २०१३ मध्ये ती भारताकडून खेळली आणि त्याच वर्षी गुजरातविरुद्ध १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २२४ धावा केल्या. मुलींचा १९ वर्षांखालील विश्वचषक सुरू व्हायला २०२३ उजाडले. मुलांच्या नेटमध्ये सराव करणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवावे की पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा आणि महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा असतो; सामन्याच्या आधीचे काही दिवस तरी आपल्याच वजनाच्या चेंडूवर खेळावे, नाहीतर बॅट लवकर फिरते किंवा उशिरा.

जेमिमाने २०१७ मध्ये औरंगाबादला १९ वर्षांखालील सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धावा केल्या आणि काही महिन्यांतच ती भारताकडून खेळली. २०२२ च्या एकदिवसीय विश्वचषकासाठी मात्र तिची निवड झाली नाही. वाचले जाणे आणि वगळले जाणे या दोन्हींतून ती गेली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या, तेव्हा ती सीमारेषेवर फटके मारण्यापेक्षा रिकाम्या जागेत चेंडू ढकलून पळत होती. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, १९८८ च्या त्या दिवशी पॅड बांधून वाट पाहत बसलेले.

संधी मिळत नसेल तर राज्य बदलावे का?

महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत आणि गोव्याची स्वतंत्र आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. मुझुमदार कारकिर्दीच्या उत्तरार्धात आसाम आणि आंध्रकडून खेळला. सर्फराज उत्तर प्रदेशात जाऊन मुंबईला परतला आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच उत्तर प्रदेशाविरुद्ध त्याने नाबाद ३०१ धावा केल्या. विसाव्या वर्षाआधी मात्र केवळ रांग लांब आहे म्हणून जाऊ नये. संघ बदलताना तिथे चार दिवसांचे सामने किती मिळतील आणि मैदाने, प्रशिक्षक कसे आहेत एवढेच विचारावे. विदर्भाने अशी घडी बसवली आहे. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात दानिश मालेवारने पहिल्याच हंगामात केरळविरुद्ध १५३ धावा केल्या, त्यामागे नागपुरातली अनेक वर्षांची तयारी होती.

आयपीएलच्या काळात चार दिवसांचे क्रिकेट खेळत बसावे का?

होय. यशस्वी जैस्वालने सतराव्या वर्षी विजय हजारे स्पर्धेत २०३ धावा केल्या आणि टी-२० त गाजला, पण २०२३ मध्ये डॉमिनिकाला कसोटी पदार्पणात त्याने १७१ धावा केल्या त्या दिवसभर उभे राहण्याच्या सवयीवर. अडवता येणाऱ्याला मारायला शिकवणे तुलनेने सोपे असते, उलटे फार कठीण जाते.

किती वर्षे प्रयत्न करावेत आणि शिक्षणाचे काय?

केदार जाधव भारताकडून पहिला सामना खेळला तेव्हा २९ वर्षांचा होता आणि सूर्यकुमार यादव तिशीत पोहोचला होता. ही उदाहरणे आशेची आहेत, पण त्यांच्याकडे तोवर रणजीतल्या धावांचा साठा होता. तेवीस वर्षांखालील गट संपेपर्यंत राज्याच्या कोणत्याच संघात स्थान मिळाले नसेल तर पदवी आणि नोकरीचा विचार आधी करावा. दहावी-बारावीच्या परीक्षा सोडून खेळणारी मुले जास्त चांगली खेळतात असे मला कधी दिसले नाही. परीक्षा टळते, पण भीती वाढते, कारण आता प्रत्येक डाव पोटाचा प्रश्न होऊन बसतो.

घरी पालक नेमके काय करू शकतात?

सामन्यानंतर किती धावा झाल्या हे विचारू नये, ते तसेही कळते. मुलाला एक साधी वही द्यावी आणि प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्याने चार गोष्टी लिहाव्यात : गोलंदाज कोणता, चेंडूचा टप्पा कोठे, आपला पाय कोठे, आणि तेव्हा धावा किती झाल्या होत्या. त्या जूनमधल्या मुलाने अशी वही ठेवली. पहिल्या आठ नोंदींत त्याने "चुकीचा फटका" आणि "नशीब" असे लिहिले होते. प्रत्येक सामना आठवून आम्ही त्या पुन्हा भरल्या, तेव्हा आठपैकी पाच वेळा तो पंधरा ते तीस धावांच्या दरम्यान, ड्राइव्हने चौकार मारल्यानंतरच्या षटकात, आत येणाऱ्या चेंडूवर बाद झालेला निघाला. पान वडिलांच्या हाती देताना तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटमध्ये त्याने पहिला अर्धा तास एकही ड्राइव्ह मारला नाही.